‘किती गिअरची आहे?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

‘किती गिअरची आहे गं?’

सायकल घेऊन चहाच्या टपरीवर उभं राहा, सिग्नलला थांबा, नाहीतर कॉलेजच्या पार्किंगमध्ये जागा शोधत फिरा, हा प्रश्न येणार म्हणजे येणार. वॉचमनकाका विचारतात, वर्गातली पोरं विचारतात, भाजीची पिशवी घेऊन चाललेले आजोबाही विचारतात. ‘एकवीस’ म्हटलं की माना डोलतात. ‘नऊ’ म्हटलं की चेहऱ्यावर दया दिसते. टायर कुठले टाकलेस, ब्रेक वायरचे की ऑइलचे, हे मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. आणि माझं म्हणणं सरळ आहे. माउंटन बाइकवर आपण जो पैसा घालतो, तो या एका प्रश्नापायी भलत्याच जागी जातो.

माझाही गेला. दादा नोकरीला बंगळुरूला गेला आणि त्याची एकवीस गिअरची, सव्वीस इंची चाकांची एमटीबी माझ्याकडं आली. तोवर मी टेकडीवर फक्त चालायला जायचे. महिनाभरात वेताळ टेकडीची अशी चटक लागली की सबटायटल्सच्या कामाचे आलेले नऊ हजार रुपये बँकेत टाकायच्या आधीच मी खर्चून मोकळी झाले होते. कशावर? तर पुढं एकच चक्र आणि मागं नऊ, म्हणजे ज्याला सगळे ‘वन बाय’ म्हणतात, त्यावर. नवा डिरेलर, शिफ्टर, कॅसेट, चेन. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओपण काढला होता.

मग पहिला धडा मिळाला. स्वस्त सायकलींच्या मागच्या चाकावर बहुतेक वेळा कॅसेट नसतेच, आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. कॅसेट बसवायची तर हबच वेगळा लागतो. म्हणजे नवं चाक. नऊ हजारांचे तेरा झाले, चार दादाकडून उसने. टायर मात्र तेच राहिले, चार वर्षं गॅलरीत ऊन खाऊन कडक झालेले. ब्रेकही तेच, वायरचे.

तिसऱ्या आठवड्यात पाषाणच्या बाजूला उतरताना पुढचं चाक मुरुमावरून सरकलं आणि मी डाव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. त्याच सहा आठवड्यांत आमचं कॅमेरा प्रॅक्टिकल होतं. ज्या डॉक्युमेंटरीसाठी मी दोन महिने फिरले होते, ती शूट केली माझ्या पार्टनरनं आणि मी बाजूला उभी राहून फोकस सांगत होते. मार्कलिस्टमध्ये तो आकडा अजून आहे. नवाकोरा डिरेलर त्या काळात भिंतीला टेकून चमकत होता. शिफ्टिंग मात्र लोण्यासारखं होतं, हे कबूल करते.

तर आता मुद्द्याचं. अपग्रेड करायचंच असेल तर जमिनीकडून वर सुरुवात करा. सायकलचा आणि जमिनीचा संबंध हाताच्या तळव्याएवढ्या दोन जागांपुरता असतो. तुम्ही कितीही भारी पार्ट लावा, वळायचं काय, थांबायचं काय, ते तिथंच ठरतं. आपल्याकडच्या टेकड्यांवर तर हे जास्तच खरं. खाली काळा कातळ किंवा टणक जमीन आणि वर सुटा मुरूम, म्हणजे पत्र्यावर हरभरे पसरावेत तसला प्रकार. अशा ठिकाणी पुढच्या टायरला मोकळ्या अंतरावरचे, कडेला ठसठशीत गुट्टे हवेत आणि रबर मऊ हवं. मागं थोडा कमी पकडीचा, पण हलका पळणारा चालतो. मला दोन चांगले टायर साडेतीन हजारांत मिळाले. तेरा हजारांच्या वन बायनं जे केलं नाही ते यांनी पहिल्या दिवशी केलं. रुंदी घेताना मात्र फ्रेममध्ये जागा किती आहे ते पट्टी लावून बघा. दोन पॉइंट पंचवीस इंची टायर सगळ्याच जुन्या फ्रेममध्ये मावत नाही. आणि पावसाळ्यात कुठं काळ्या चिकट मातीत शिरलात, तर टायर आणि फ्रेम यांच्यात बोटभर तरी जागा लागतेच, नाहीतर चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते.

त्याहून स्वस्त अपग्रेड म्हणजे हवा कमी करणं. हसू नका. पंक्चरवाले काका टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर रस्ता असतो. ट्रेलवर असा टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचे आकडे छापलेले असतात, ते वाचा आणि त्या पट्ट्यात खालच्या बाजूला या. माझं वजन चोपन्न किलो, मी ट्यूब असलेल्या टायरमध्ये पुढं अठ्ठावीस आणि मागं तीस पीएसआय ठेवते. तुमचं वजन जास्त असेल तर थोडी जास्त. फार कमी केलीत तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. म्हणून काट्याचा पंप घ्या, अंगठ्यानं दाबून अंदाज करू नका.

आणि बाभळीचे काटे! परदेशातल्या व्हिडिओंमध्ये ट्यूबलेसची भलामण पकडीसाठी असते, आपल्याला ती काट्यांसाठी हवी. आतलं सीलंट बारीक भोक स्वतः बुजवतं. पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले लागतात आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, दर दोनेक महिन्यांनी बघावं लागतं. एवढं करायचं नसेल तर व्हॉल्व्हचा गाभा काढून ट्यूबमध्येच सीलंट ओतता येतं. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब घेतल्यात तर पितळी अॅडॉप्टर खिशात ठेवा, नाहीतर पेट्रोल पंपावरचा पोरगा तुमच्याकडं आणि तुम्ही त्याच्याकडं बघत बसाल.

दुसरा नंबर ब्रेकचा. इथं मला वाद नकोच आहे. वायरच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकाच बाजूचा पॅड सरकतो आणि रोटरला दुसऱ्या पॅडवर दाबतो. वायरच्या नळीत धूळ-पाणी गेलं की तो आणखी जड होतो. लांब उतारावर बोटं दुखायला लागतात, मग आपण घट्ट धरून ठेवतो, मग चाक लॉक होतं, मग सायकल घसरते. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं. हात लहान असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट, ज्या ब्रेकमध्ये लिव्हर हँडलजवळ आणायचा स्क्रू असतो तोच घ्या. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचे हात मोठे असतात. लगेच पैसे नसतील तर निदान वायर, तिची नळी आणि पॅड नवे टाका, तेवढ्यानंही फरक पडतो.

एक-दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. शिमॅनोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकात दुसरं गेलं की आतले सील खराब होतात. चेनवर मारायचा स्प्रे रोटरवर उडाला की पॅड गेलेच म्हणून समजा. आणि नवे पॅड घातल्या घातल्या टेकडीवर जाऊ नका. सपाटीवर वेग घ्यायचा, ब्रेक लावून हळू व्हायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं पंचवीस-तीस वेळा करा, मग ते पकडायला लागतात.

ब्रेकवर मी इतकं का बोलतेय, तर हा खेळ सुरूच ब्रेकच्या त्रासातून झालाय. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून शर्यत लावायची. त्या सायकलींना उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक असायचा. एका उतारात हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि खाली पोहोचल्यावर पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. पोरांनी मग या सायकलींना ड्रम ब्रेक लावले, मोटारसायकलचे लिव्हर लावले, गिअर लावले. आणि १९७७ मध्ये जो ब्रीझ यानं या कामासाठी खास नव्या फ्रेमच बनवायला घेतल्या, कारण जुन्या सायकलीला किती ठिगळं लावायची याला शेवट असतो.

हे शेवटचं वाक्य सस्पेन्शनच्या चाहत्यांनी पुन्हा वाचावं. आमच्या ग्रुपमधल्या दर दुसऱ्या पोराला एअर फोर्क हवाय. स्वस्त सायकलीचा स्प्रिंगचा फोर्क जड असतो, धड दबत नाही, हे मान्य. पण चांगला एअर फोर्क सायकलीच्या किमतीएवढा पडतो. त्यातून आजचे बरेच फोर्क वर निमुळत्या, खाली जाड नळीचे येतात, ते जुन्या सरळ नळीच्या फ्रेममध्ये बसतच नाहीत. बसला आणि त्याचा ट्रॅव्हल फ्रेमला झेपेल त्याहून जास्त असला तर पुढचा भाग उचलला जातो, हाताळणी बिघडते, जोडावर नको तेवढा ताण येतो. पेठेतले आमचे मेकॅनिककाका याला एकाच वाक्यात निकालात काढतात, ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.’ फोर्कसाठी साठवलेल्या पैशांत आपली सायकल विकून आलेले पैसे घाला आणि चांगल्या फ्रेमची सेकंडहँड सायकल घ्या. बिल मागा, फ्रेम नंबर जुळवा, जोडांवर तडे बघा.

गिअरला माझा विरोध नाही. एकवीसमधले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच असतात, त्यामुळं पुढं एकच चक्र ठेवण्यात अर्थ आहे आणि चढावर मागचं मोठं चक्र देवासारखं वाटतं. फक्त ते झिजल्यावर बदला. चेन मापायचं पट्टीसारखं छोटं साधन मिळतं. चेन वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते, नाहीतर झिजलेली चेन बाकी सगळ्याला घेऊन बुडते.

आणि जिथं आपलं अंग सायकलला टेकतं तिथं बघा. दादा सहा फूट, मी पाच-तीन. वर्षभर मी त्याच्या सायकलवर अशी ताणून बसायचे की उतारावर वजन मागं नेताच यायचं नाही. नव्वद मिलिमीटरचा स्टेम काढून पन्नासचा टाकला, खर्च हजाराच्या आत. तरी फ्रेम मोठीच आहे, ते कुठल्याच पार्टनं बदलत नाही. पेडल टोकदार पिनांचे घेतले, आता पाय सुटत नाही (नडगीवर दोन खुणा आहेत, त्या हिशेबात धरा). ड्रॉपर पोस्टचं स्वप्न सगळेच बघतात, पण उतार लागायच्या आधी थांबून क्विक रिलीज उघडून सीट खाली करायला एक रुपया लागत नाही.

यावर सीनियर मंडळी म्हणतील, ‘आधी चालवायला शिका, पार्टचं नंतर बघू.’ निम्मं पटतं. मी ज्या वळणावर पडले तिथून एक काका साध्या सायकलवर रोज उतरतात. पण त्यांचे टायर नवे होते, हेही मी नंतर जाऊन बघितलं.

शिवाय टेकडी आपल्या एकट्याची नाही. सकाळी तिथं निम्मं पुणं चालायला येतं. ब्रेक धरत नाही म्हणून मागचं चाक लॉक करून घसरत उतरणाऱ्यांनी वाटेवर जी चर पाडलीय, तिच्यातून जुलैत पाणी धावतं आणि पुढच्या वर्षी वाट हातभर खोल जाते. मग चालणारे आजी-आजोबा आपल्यावर ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात. घंटी लावा. माझ्या सगळ्या अपग्रेडमध्ये सगळ्यात जास्त वापर तिचा होतो.

ऑनलाइन सेलची तारीख जवळ आली की कार्ट भरायला लागतात, हे मला माहितीये. त्याआधी आज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये जा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढच्या टायरच्या कडेवरचे हवेचे आकडे वाचून बघा. आकडे वाचताच येत नसतील आणि कडेला बारीक भेगा दिसत असतील, तर ऑर्डर कशाची द्यायची ते ठरलं.