सनस्क्रीनची ट्यूब आणि शाळेचा नियम



मागील सत्रात खो-खोचा सराव चालू असताना आठवीतील एका मुलीच्या दप्तरातून क्रीमची ट्यूब काढून घेण्यात आली. शाळेत सौंदर्यप्रसाधने आणू नयेत, हा आपला जुना नियम आहे. मुलगी आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही गोरं व्हायची क्रीम नाही. उन्हात माझ्या चेहऱ्यावर चट्टे येतात, म्हणून डॉक्टरांनी सनस्क्रीन दिली आहे." आम्ही तिला समज दिली व ट्यूब पालकांनी येऊन न्यावी असे सांगितले. पुढच्या आठवड्यापासून ती सरावाला आली नाही.

चूक आमची होती. ती येथे मोकळेपणाने लिहीत आहोत, कारण नियम बदलायचा तर त्यामागचे कारण सर्वांना कळले पाहिजे.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'पराबैंगनी' म्हणून शिकलेले किरण मराठी पुस्तकांत 'अतिनील' किंवा 'जंबुपार' या नावाने भेटले. नावे तीन, किरण तेच. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही, म्हणून थंड वाऱ्याच्या किंवा विरळ ढगांच्या दिवशी माणूस फसतो. त्यांपैकी यूव्ही-बी किरण त्वचा भाजतात व पेशींमधील डीएनएला इजा करतात. यूव्ही-ए किरण अधिक खोल जातात. डाग आणि अकाली सुरकुत्या यांत त्यांचा मोठा वाटा असतो. खिडकीची काच यूव्ही-बी बरेचसे अडवते, यूव्ही-ए मात्र आत येऊ देते.

रासायनिक सनस्क्रीनमधील ॲव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन यांसारखे रेणू हे किरण शोषून घेतात. शोषलेल्या ऊर्जेने रेणूतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि खाली परतताना ती ऊर्जा किंचित उष्णतेच्या रूपाने सोडतो. मग तोच रेणू पुढच्या किरणासाठी तयार होतो. ॲव्होबेन्झोन प्रामुख्याने यूव्ही-ए रोखते, पण उन्हात हळूहळू मोडत जाते. म्हणून त्याला स्थिर ठेवणारे ऑक्टोक्रिलीन पुष्कळदा सोबत घालतात. घाम आणि रुमालही क्रीम पुसून नेतात. एकदा लावून दिवसभर निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळेच.

ट्यूबवरील एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्ही-बीपासून मिळणारे संरक्षण सांगतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के किरण अडवते. म्हणजे ३० वरून ५० वर गेल्याने फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो मात्रेने. हा आकडा दर चौरस सेंटिमीटर त्वचेस २ मिलिग्रॅम क्रीम लावून मोजतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मीही लावत नाही. यूव्ही-एसाठी 'पीए' पुढील अधिक चिन्हे किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द पाहावेत.

वापरताना इतके लक्षात ठेवावे :

१. उन्हात जाण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे लावावी. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढी क्रीम घ्यावी. कान व मानेची मागची बाजू विसरू नये.

२. दर दोन तासांनी, तसेच फार घाम आल्यावर किंवा पोहल्यावर पुन्हा लावावी.

३. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून एक दिवस पाहावे. खाज किंवा पुरळ आल्यास वापरू नये. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

४. मुदत संपलेली किंवा तापलेल्या गाडीत पडून राहिलेली ट्यूब टाकून द्यावी.

५. सहा महिन्यांखालील बाळांना सावली व सुती कपडे हेच योग्य. त्यांना सनस्क्रीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

रंगपंचमीच्या गेरीला जाताना अंगाला तेल लावतात, त्याने रंग लवकर निघतो. ऊन मात्र अडत नाही.

काही पालक विचारतात, ही रसायने अंगात भिनत नाहीत का? काही प्रमाणात भिनतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत अशी अनेक द्रव्ये रक्तात आढळली. त्यावरून ती घातक ठरत नाहीत, अधिक अभ्यास हवा व तोवर वापर थांबवू नये, असे त्याच प्रशासनाने सांगितले. ज्यांना शंका वाटते किंवा ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनी झिंक ऑक्साइडची क्रीम निवडावी.

आता दुसरी बाजू. "मुलगी काळी पडेल, तिला मैदानावर पाठवू नका," अशा चिठ्ठ्या आजही येतात. मुलांसाठी अशी चिठ्ठी आम्ही पाहिलेली नाही. सावळा रंग हा दोष नव्हे. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे निसर्गाने दिलेले संरक्षणच आहे, आणि त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याकडे त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो. पण ते संरक्षण अपुरे आहे. भाजणे, डाग आणि उन्हाची ॲलर्जी आपल्यालाही होते. म्हणून सनस्क्रीन लावावी ती त्वचा जपण्यासाठी, आणि लावून खेळावे. रंगाच्या भीतीने खेळ सोडवणे आम्हास मान्य नाही.

तरीही सनस्क्रीन सक्तीची करावी, असे आमचे मत नाही. चेहरा, मान व हात यांना रोज नीट लावल्यास ५० ग्रॅमची ट्यूब दोन-तीन आठवड्यांत संपते. हा खर्च प्रत्येक घराला झेपणारा नाही. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सावली यांना मात्र दर महिन्याला पैसे लागत नाहीत. ऑस्ट्रेलियातील अनेक शाळांत टोपी नसेल तर मैदानात खेळू देत नाहीत, सावलीत बसवतात.

उन्हाच्या बाबतीत आपले इंदूर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. शेजारच्या उज्जैनच्या वेधशाळेत २१ जूनच्या सुमारास भर दुपारी शंकूची सावली नाहीशी होते. मुलांनी एवढेच पाहावे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन कडक आहे. आणि आपण सराव केव्हा घेत होतो? सकाळची शाळा सुटल्यावर, दुपारी बारा वाजता. ट्यूब जप्त करणाऱ्यांनी आधी आपले वेळापत्रक पाहायला हवे होते.

म्हणून नव्या सत्रापासून सराव सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर होईल. सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांच्या यादीतून वगळली आहे. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की गणवेशात रुंद काठाच्या टोपीस मान्यता द्यावी आणि मैदानाच्या पश्चिमेस शेड व कडुलिंबाची रोपे यांसाठी तरतूद करावी.

त्या मुलीची ट्यूब आम्ही स्वतः तिच्या घरी नेऊन दिली व तिची क्षमा मागितली. खो-खोच्या संघात तिची जागा राखून ठेवली आहे.

आपले,
प्राचार्य