गोपाळांची शिदोरी आणि आपले स्वयंपाकघर

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री पाळणा हालतो, सुंठवड्याची चिमूट हातावर पडते आणि दुसऱ्या दिवशी, नवमीस, गोपाळकाल्याने उत्सवाची सांगता होते. काल्याचे कीर्तन करण्याची सेवा आमच्याकडे गेली कित्येक वर्षे आहे. पंढरीत आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला झाल्यावाचून पालख्या परतीची वाट धरीत नाहीत. गावोगावचे सप्ताहही काल्याच्या कीर्तनानेच पुरे होतात. पंगत बसते ती त्यानंतर. उत्सवाच्या शेवटचा मान पक्वान्नाला न देता लाह्या-दह्याच्या घासाला द्यावा, असे आपल्या पूर्वजांनी ठरविले, त्यामागे मोठा विचार आहे. तो विचार देवळात टिकून आहे. आपल्या घरांतून मात्र तो हळूहळू निसटत चालला आहे, अशी आमची खंत आहे. तीच आज सणाच्या निमित्ताने भाविक वाचकांपुढे मांडीत आहोत.

यमुनेच्या वाळवंटातील पंगत

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, तेराव्या अध्यायात, या काल्याचे मूळ आहे. अघासुराचा वध झालेला आहे, दिवस बराच वर आलेला आहे, मुले भुकेली आहेत. भगवान म्हणतात, ही वाळू मऊ आहे, येथेच बसून जेवू. वासरे पाणी पिऊन जवळच चरत राहतील. मुले शिंकी सोडतात आणि भगवंताला मध्ये घेऊन भोवती कडी करून बसतात. ताटे नाहीत. कोणी पान घेतले, कोणी फुलांच्या पाकळ्या, कोणी झाडाची साल, कोणी दगडच पुढे ओढला, तर कोणी शिंक्यातच जेवू लागला. प्रत्येकाने आपापल्या घरून आणलेल्या अन्नाची चव दुसऱ्यास दाखविली, हसले, हसविले. ज्याच्यासाठी यज्ञातील आहुती राखून ठेवावयाच्या, तो डाव्या हातात कालविलेल्या भाताचा घास आणि बोटांच्या बेचक्यांत तोंडी लावणे धरून गवळ्यांच्या पोरांत बसला आहे, आणि स्वर्गातील देव थक्क होऊन पाहत आहेत.

या वर्णनात पक्वान्नांची यादी नाही, हे आम्ही कीर्तनात आवर्जून सांगतो. शिदोरी म्हणजे त्या दिवशी घरात जे शिजले ते. कोणाची आई सुगरण असेल, कोणाची नसेल; कोणाच्या घरी दुभते उदंड, कोणाच्या घरी बेताचे. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या तेव्हा कोणाचे काय, हे ओळखू येईनासे झाले. काला शब्दाचा अर्थच कालविणे, एकजीव करणे. वारकरी आजही काला एकमेकांच्या मुखी घालतात, तेव्हा समोरच्याची जात, वय, प्रतिष्ठा विचारीत नाहीत.

वेदाने मागितलेली गोष्ट

याहून जुना दाखला हवा असेल तर तो यजुर्वेदात आहे. रुद्रानंतर म्हटल्या जाणाऱ्या चमकात ऋषी देवाजवळ अनेक गोष्टी मागतात. दूध, तूप आणि मध मागतात. पुढे तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर यांची नावे घेतात. तूप आणि मध यांच्या लगतच दोन शब्द येतात, सग्धि आणि सपीति. सग्धि म्हणजे एकत्र बसून जेवणे, सपीति म्हणजे एकत्र बसून पिणे. धान्य पिकले, दुभते आले, तरी सोबत जेवणारे माणूस आपोआप येत नाही. तेही देवाजवळ मागावे लागते, हे त्या ऋषीला ठाऊक होते. अभिषेकाच्या वेळी हे शब्द आपल्या कानांवरून जातात, आणि आपण घरी येऊन दार लावून जेवावयास बसतो.

स्मृतिकारांनी तर गृहस्थास वेळही घालून दिली आहे. वैश्वदेव झाल्यावर गाय दोहावयास जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ अंगणात उभे राहून अतिथीची वाट पाहावी, आणि मगच पानावर बसावे. तो आला तर जे आहे त्यातले द्यावे. त्याच्यासाठी निराळे काही रांधून ठेवावे, अशी अट तेथे नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठाऊक नाही, त्याच्यासाठी आगाऊ बेत करणार तरी कसा?

आमचा अपराध

हे सर्व आम्ही जाणत होतो, सांगत होतो, आणि तरीही आमच्या हातून एक अपराध घडला. तो सांगितल्यावाचून पुढे उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहास गेलो होतो. पहिल्या दिवशी ज्या सधन घरी भोजन झाले, त्यांनी पानात गोडाचे तीन प्रकार वाढले होते. रात्री कीर्तनाच्या ओघात आम्ही त्या पानाचे वर्णन केले, अन्नपूर्णेची उपमा दिली, श्रोते हसले, टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी ज्या घरी जेवावयाचे होते, तेथून ऐनवेळी निरोप आला की घरी अडचण आहे. बुवांची व्यवस्था खानावळीत केली आहे. आम्ही निमूटपणे जेवून आलो. संध्याकाळी त्या घरच्या वृद्ध आजी देवळाच्या ओवरीत आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या आणि एका वाटीत पिठले होते. त्या म्हणाल्या, "बुवा, अडचण कसली नव्हती. तुम्ही परवा ते पान वर्णिलंत, तेव्हापासून सून घाबरली. म्हणाली, आपल्या घरी पिठलं-भाकरी, ती बुवांना कशी वाढायची? मी म्हटलं, त्यांना नको असेल तर नको, आपण न्यायचं काम करावं."

ती भाकरी आम्ही तेथेच, ओवरीच्या पायरीवर बसून खाल्ली. आजी समोर बसून होत्या. त्या रात्री विदुराघरच्या भोजनाचे आख्यान लावण्याचे आधीच ठरले होते. ते लावताना आमचा स्वर स्थिर राहिला नाही. दुर्योधनाचे आमंत्रण नाकारताना भगवंतांनी जे कारण सांगितले ते उद्योगपर्वात आहे. दुसऱ्याचे अन्न एक तर प्रेम असेल तर खावे, नाही तर स्वतःवर आपत्ती असेल तर खावे. येथे तुझे प्रेम नाही आणि माझ्यावर आपत्ती नाही. मूळ महाभारतात विदुराने आदराने अन्नपान अर्पण केले एवढेच आहे. कण्या त्या पानात वाढल्या त्या पुढे भाविकांनी. पण त्यांनी कण्याच का वाढल्या, हे त्या दिवशी उमगले. राजवाड्यातील पान पाहून ज्यांना आपल्या पानाची लाज वाटत होती, त्यांना धीर देण्यासाठी त्या वाढल्या. आणि आम्ही व्यासपीठावरून नेमके उलटे केले होते.

तेव्हापासून आमचा नेम आहे. कोणाच्याही घरी त्या घरासाठी जे शिजेल तेच घ्यावयाचे, आणि कीर्तनात कोणाच्या पानाची वाखाणणी करावयाची नाही.

रिकामी न परतणारी वाटी

अपराध आमचा एकट्याचा, पण त्या सुनेला वाटलेली भीती आज घरोघरी आहे. पाहुणे म्हटले की दोन भाज्या, कोशिंबीर, गोड, तळण, मसालेभात असा बेत मनात उभा राहतो. तेवढे करावयास सवड नसते, म्हणून एक तर बाहेरून मागवितात, नाही तर "पुढे कधी तरी निवांत या" असे म्हणून मोकळे होतात. तो निवांत दिवस येत नाही. सख्खी भावंडे एका शहरात राहून वर्षात एकदा कार्यालयाच्या पंगतीत भेटतात. घर मोठे होते, डायनिंग टेबलाला सहा खुर्च्या असतात, आणि त्यांवर दोन माणसे जेवतात.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. रेशनवर लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. मातोश्री हुलग्याचे माडगे करीत. त्या दिवसांतही शेजारच्या घरातून आमच्याकडे आणि आमच्या घरातून तिकडे वाट्या जात असत. वाटी रिकामी परत करावयाची नाही, हा दंडक. काहीच नसले तर मातोश्री तिच्यात चार मिठाचे खडे घालीत. आज सुकाळ आहे, पण दारांमधून वाट्यांची ती ये-जा दिसत नाही. याचे दुःख आम्हांस त्या दुष्काळापेक्षा अधिक वाटते.

कोणी म्हणेल, सणाला पुरणपोळी करू नये काय? अवश्य करावी. सणाचे पक्वान्न ही घराची हौस आहे, आणि देवालाही ती प्रिय आहे. कोणी म्हणेल, स्त्रिया नोकरीस जातात, त्यांनी कोठवर रांधावे? हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच हा लेख आहे. आलेल्या माणसासाठी वरण-भात, तूप, लिंबाची फोड आणि भाजलेला पापड पुरे आहे. मुगाची खिचडी आणि कढी पुरे आहे. डाळीच्या पिठाचे पिठले हातासरशी होते, आणि ऐनवेळी दोन माणसे वाढली तर पाणी आणि पीठ वाढविता येते. पुरणपोळीचे तसे होत नाही. तुकोबांची पालखी यवतला येते तेव्हा त्या एवढ्या समुदायास गाव पिठले-भाकरीच वाढते. भाकरी घरोघरी भाजल्या जातात. पिठल्याने वारकऱ्यांचा मान कमी झाला, असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

आणखी एक गोष्ट पुरुष वाचकांस सांगावयाची आहे. यमुनेच्या वाळवंटात शिदोऱ्या सोडल्या, वाटल्या, कालविल्या त्या मुलग्यांनी. देवळातील काला आजही पुरुषच कालवितात. मग घरी तोच हात पाण्याचा पेला उचलावयासही जड का व्हावा? भागवताचा आधार हवा असेल तर तो येथे आहे.

यंदाच्या नवमीस

तेव्हा आमची विनंती एवढीच. चौकातील हंडी किती थरांवर फुटली याची चर्चा होईलच. त्या हंडीत काय असते, याची आठवण घराने ठेवावी. नवमीस दोन-चार घरांना बोलवावे आणि प्रत्येकास सांगावे की आपल्या घरचे मूठभर काही घेऊन या. एकाने ज्वारीच्या लाह्या आणाव्यात, एकाने पोहे, एकाने घरच्या विरजणाचे दही. पोहे धुऊन निथळावेत. भिजविलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटावी, काकडी चोचवावी, आले किसावे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक चिरावी, ओले खोबरे असेल तर घालावे. मीठ, चवीपुरती साखर, लिंबाच्या लोणच्याची फोड आणि दही घालून सारे कालवावे, वर तुपातील जिऱ्याची फोडणी द्यावी. लाह्या अगदी शेवटी घालाव्यात, नाही तर त्यांचा लगदा होतो. कालविण्याचे काम घरातील मुलांकडे द्यावे. नैवेद्य दाखवावा, आणि पहिला घास आपल्या मुखी न घालता शेजारच्याच्या मुखी घालावा. त्यानंतर वर्षभर, महिन्यातून एखाद्या दिवशी, कोणाला तरी वरण-भातास बोलवावे. बोलाविताना "वरण-भातच आहे" असे स्पष्ट सांगावे. म्हणजे त्यांनाही आपल्याला बोलाविण्याचा धीर येईल.

भागवतातील त्या पंगतीची कथा पुढे आहे. ब्रह्मदेवाने वासरे पळविली, त्यांना शोधावयास भगवंत हातात घास घेऊनच उठले, आणि मागे मुलेही नाहीशी झाली. एक वर्ष गेले. मुलांना ते अर्ध्या क्षणाइतके वाटले. भगवंत परतले तेव्हा ती म्हणाली, किती लवकर आलास! तुझ्यावाचून आम्ही एक घासही घेतलेला नाही. ये, आता नीट जेव.

आपल्याही घरी कोणासाठी तरी घास थांबलेला असावा, आणि तो येईल तेव्हा ताटात काय आहे याची कोणास लाज वाटू नये, हेच आम्ही या नवमीस गोपाळकृष्णाजवळ मागतो.