दुसऱ्याच्या लग्नावर माझं मत

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. कॅलिफोर्नियात निवडणुकीआधी नोंदणी केलेल्या प्रत्येक मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका येते. आमच्या घरी एकच आली, बायकोच्या नावाची. ती इथेच जन्मलेली, कोकणी मुसलमान घरातली. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, पुण्यात इंजिनिअरिंग करून नोकरीसाठी इकडे आलेला. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मत नाही. रात्री जेवण झाल्यावर टेबल पुसून आम्ही ती मतपत्रिका उघडली. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस वगैरे नावं संपल्यावर राज्याचे दहा प्रस्ताव होते. त्यातला 'प्रपोझिशन ३' लग्नाबद्दलचा होता. फक्त स्त्री आणि पुरुषाचं लग्नच वैध मानणारं वाक्य राज्यघटनेतून काढायचं आणि त्या जागी लग्न करणं हा मूलभूत हक्क आहे असं लिहायचं. हो की नाही?

बायकोने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुला मत असतं तर तू काय केलं असतंस?"

त्याच आठवड्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पार्किंगमध्ये एक चाचा म्हणाले होते, "यात विचार कसला करायचा? 'नाही'वर खूण करा आणि पुढे चला." मला ते तेवढं सोपं वाटत नव्हतं. का, ते इथे लिहितो. मी आलिम नाही, सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. दीन याबद्दल काय सांगतो यावर हा लेख नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: सरकारने कोणाच्या लग्नाची नोंद करावी, हे मी मतपत्रिकेवर खूण करून ठरवावं का?

आधी त्या वाक्याचा इतिहास पाहू. मे २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क आहे असा निकाल दिला. जूनपासून लग्नं लागू लागली. विरोधकांनी सह्या गोळा करून थेट राज्यघटनाच बदलण्याचा प्रस्ताव आणला, 'प्रपोझिशन ८'. दोन्ही बाजूंनी मिळून ८ कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला. ४ नोव्हेंबर २००८ रोजी, ओबामा निवडून आले त्याच दिवशी, सुमारे ७० लाख लोकांनी 'हो' म्हटलं आणि ६४ लाखांनी 'नाही'. ५२ टक्के विरुद्ध ४८. न्यायालयाने मान्य केलेला हक्क सहा महिन्यांत गेला. त्याच मतपत्रिकेवर कोंबड्यांना पिंजऱ्यात पंख पसरता येतील एवढी जागा द्यावी असाही प्रस्ताव होता. तो सुमारे ६३ टक्के मतांनी पास झाला.

यातली एक गोष्ट इंजिनिअर म्हणून मला फार खटकते. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात राज्याचा अर्थसंकल्प मंजूर करायला दोन तृतीयांश मतं लागत. एका समूहाचा हक्क राज्यघटनेतून काढायला मात्र निम्म्याहून एक मत जास्त पुरेसं होतं. आमच्या कामात एखाद्या वापरकर्त्याचा डेटा पुसणारा बदल असेल तर त्याची तपासणी नेहमीपेक्षा कडक असते. इथे उलटं होतं. पैशाला दोन कुलपं आणि माणसाच्या हक्काला साधी कडी.

जून ते नोव्हेंबर या काळात सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्न करून घेतलं होतं. माझ्या टीममधला एक सहकारी, आता निवृत्तीला आलेला, त्यांच्यापैकीच एक. ऑक्टोबर २००८ मध्ये, मतदानाला तीन आठवडे असताना, त्याने घाईघाईने लग्न केलं. त्याचा जोडीदार फिलिपीन्सचा. निवडणुकीनंतर सहा-सात महिने आपलं लग्न टिकणार की रद्द होणार हेच त्यांना माहीत नव्हतं. मे २००९ मध्ये राज्याच्या न्यायालयाने 'प्रपोझिशन ८' वैध ठरवलं, पण आधी झालेली लग्नं कायम ठेवली. तरी केंद्र सरकारच्या १९९६ च्या कायद्यामुळे ते लग्न केंद्राच्या लेखी लग्नच नव्हतं. त्यामुळे त्या लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळणं शक्य नव्हतं. जोडीदाराचा व्हिसा संपत आला की दोघांची झोप उडायची. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचं मुख्य कलम रद्द केलं आणि 'प्रपोझिशन ८'ची अंमलबजावणीही थांबली. तेव्हा कुठे त्यांना अर्ज करता आला. २०१५ मध्ये देशभर असा हक्क मान्य झाला.

हे सगळं मला कसं माहीत? माझं लग्न झाल्यावर ग्रीन कार्डचा अर्ज भरायला त्यानेच मदत केली. कोणता फॉर्म, सोबत कोणते पुरावे, त्याला सगळं पाठ होतं. तेव्हा एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. आमच्या निकाहाच्या दिवशी दोन कागद झाले. एक निकाहनामा: मेहर, दोन साक्षीदार, कबूल. दुसरा काउंटीचा विवाह परवाना. इमामसाहेबांनी त्यावर सही करून तो दहा दिवसांच्या आत काउंटीकडे परत पाठवायचा असतो. अल्लाहपुढे आम्ही नवरा-बायको झालो ते पहिल्या कागदामुळे. पण माझं ग्रीन कार्ड, एकत्र भरलेला कर, उद्या दवाखान्यात कोणी बेशुद्ध पडलं तर सही कोणाची, हे सगळं दुसऱ्या कागदावर चालतं.

प्रस्ताव होता तो या दुसऱ्या कागदाबद्दल. निकाहनाम्याला तो हात लावत नव्हता. २००८ च्या निकालातच न्यायालयाने स्पष्ट लिहिलं होतं की कोणत्याही धर्माला आपले नियम बदलावे लागणार नाहीत आणि कोणत्याही धर्मगुरूला आपल्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावावं लागणार नाही. आमचे इमाम कोणाचा निकाह लावतील हे तेच ठरवतात, आजही.

आता चाचांचा मुद्दा. "जे आपल्याला मान्य नाही त्याला आपण 'हो' कसं म्हणायचं?" मुद्दा प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण या देशात दारू मिळते, बँका व्याज घेतात. आपण त्यापासून लांब राहतो, इतरांवर बंदी घालायला सह्या गोळा करत नाही. आपली श्रद्धा आपण आपल्या वागण्यातून पाळतो. सरकारच्या कायद्याने ती शेजाऱ्यावर लादायची म्हटलं, तर शेजाऱ्यालाही तेच हत्यार मिळतं. आणि शेजारी आपल्यापेक्षा संख्येने खूप जास्त आहेत.

हे मी कल्पनेने सांगत नाही. 'प्रपोझिशन ८' नंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, ओक्लाहोमा राज्यात मतपत्रिकेवर एक प्रस्ताव आला. राज्याच्या न्यायालयांनी शरियाचा विचार करू नये, असं राज्यघटनेत लिहायचं. त्या राज्यात मुसलमान अगदी मूठभर. तिथल्या एखाद्या न्यायालयाने शरिया लागू केल्याचं एकही उदाहरण राज्याच्या वकिलांना पुढे देता आलं नाही. तरी प्रस्ताव सुमारे ७० टक्के मतांनी पास झाला. एका मुसलमान नागरिकाने दावा लावला. त्याचं मृत्युपत्र इस्लामी नियमांना धरून होतं, मग ते न्यायालयाने मानायचं की नाही? केंद्रीय न्यायालयाने अंमलबजावणी लगेच थांबवली, जानेवारी २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने ती स्थगिती कायम ठेवली आणि २०१३ मध्ये तो बदल कायमचा रोखला गेला.

म्हणजे एकाच देशात, दोन वर्षांच्या अंतराने, एकच पद्धत. संख्येने कमी असलेला समूह निवडायचा, लोकांना त्याची भीती घालायची आणि मतपत्रिकेवर खूण करून त्याला राज्यघटनेतून बाहेर काढायचं. पहिल्या वेळी समलिंगी, दुसऱ्या वेळी आपण. दोन्ही वेळा बहुमताला अडवलं ते न्यायालयांनी, एकाच तत्त्वाच्या आधारे: काही हक्क मतमोजणीवर ठरत नाहीत. ओक्लाहोमात ते तत्त्व आपल्याला हवं असेल, तर कॅलिफोर्नियात त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

कोणी म्हणेल, "मग २०२४ चा प्रस्तावही मतपत्रिकेवरच होता की!" बरोबर आहे आणि मलाही ते अवघड वाटतं. पण बहुमताने घटनेत लिहिलेलं वाक्य तिथल्या नियमाप्रमाणे मतदारांनाच काढता येतं. ते निपचित पडलेलं वाक्य होतं, पण मेलेलं नव्हतं. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेताना न्यायमूर्ती थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिलं की २०१५ च्या निकालाचाही फेरविचार व्हावा. तो निकाल उद्या गेला असता तर कॅलिफोर्नियातलं जुनं वाक्य जागं झालं असतं. म्हणून ते काढणं गरजेचं होतं. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुमारे ६३ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, "चांगलं झालं. पण माझ्या लग्नावर आता चौथ्यांदा निवडणूक नको." २००० साली झालेलं मतदानही तो मोजत होता.

हे वाचणारे बरेच जण महाराष्ट्रात आहेत. आपल्याकडे अशी मतपत्रिका येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा विषय कायदेमंडळाचा आहे असं सांगून टाकलं. पण बहुमताने दुसऱ्याच्या घरात डोकावणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. २०१५ च्या गोमांसबंदीच्या कायद्यानंतर आपण आपल्याच स्वयंपाकघरात दबकून बोलत होतो. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आधार होता खासगीपणाचा हक्क. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी हा हक्क मूलभूत ठरवला आणि २०१८ मध्ये त्याच पायावर कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध वगळले गेले. आपलं ताट आणि त्यांचं घर, दोन्हींचं रक्षण एकाच हक्काने होतं. तो हक्क अर्धा तोडून आपल्यापुरता ठेवता येत नाही.

आणि एक. हा लेख वाचणाऱ्या मुलामुलींमध्येही कोणी असेल, ज्याला हा विषय निघाला की घरात मान खाली घालावी लागते. त्याच्याविषयी बोलताना 'ते लोक' म्हणू नका. तो तुमच्याच सफमध्ये, खांद्याला खांदा लावून उभा असतो.

त्या रात्री मी बायकोला माझं उत्तर सांगितलं: मी 'हो' म्हटलं असतं. त्यासाठी दीनबद्दलचं माझं काहीही बदलावं लागलं नसतं. तिने ऐकून घेतलं, मतपत्रिका स्वतःकडे ओढली, खुणा केल्या आणि लिफाफा बंद करून त्यावर सही केली. तिने काय केलं ते मी विचारलं नाही. मतदान गुप्त असतं.