शेवटचं वाक्य

दोन वर्षांपूर्वी माहेरी गेले होते. भाची तेव्हा सहावीत. 'माझे आजोबा' हा निबंध लिहून तिने वही माझ्यासमोर धरली. आजोबा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन चारच महिने झाले होते.

निबंध चारचौघांसारखा. पहाटे उठायची सवय, शब्दकोड्याची आवड वगैरे. शेवटचं वाक्य मात्र असं होतं, "आजोबांच्या खुर्चीत आता कोणी बसत नाही, आजी तिच्यावर वाळलेले कपडे ठेवते."

मी म्हटलं, "अगं, हा काय शेवट झाला? अर्धवट वाटतंय." आणि पेन घेऊन खाली लिहून दिलं, "असे माझे प्रेमळ आजोबा कायम माझ्या आठवणीत राहतील." तिने निमूटपणे आपलं वाक्य खोडलं. निबंधाला १० पैकी ८ मार्क मिळाले.

ते खोडलेलं वाक्य मला अजून छळतं. माझं वाक्य कुणाच्याही आजोबांना चाललं असतं. तिचं फक्त आमच्या बाबांचं होतं.

प्रस्तावना, विषयविस्तार, समारोप असं आपण सगळेच शिकलो. समारोपात काय, तर आधीचे मुद्दे पुन्हा थोडक्यात सांगायचे आणि जमलं तर एक सुभाषित चिकटवायचं. पन्नास पानी अहवालाला सारांश हवाच, पण वीस ओळींच्या निबंधात वर काय लिहिलं होतं ते विसाव्या ओळीपर्यंत कोण विसरतं? आपण मोठे झालो तरी ती सवय सुटत नाही. "थोडक्यात काय, तर..." किंवा "शेवटी एवढंच म्हणावंसं वाटतं..." आणि काहीच सुचलं नाही की आपलं हक्काचं "असो"! (यात मीही आलेच.)

आपल्याकडे तर समारोपाचा केवढा मोठा नमुना आहे! गीतेच्या ७०० श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगून झाल्यावर ज्ञानेश्वर शेवट उजळणीने करत नाहीत. पसायदानाच्या नऊ ओव्यांत ते फक्त मागणं मागतात, तेही सगळ्यांसाठी. एवढं सगळं सांगितल्यावर आता काय हवं, हे त्यात आहे. मला वाटतं, शेवटाचं काम हेच. लिहायला बसलो तेव्हा जे हाती नव्हतं आणि लिहिता लिहिता हाती लागलं, ते शेवटी यावं.

म्हणून हल्ली मी एक करते. लेख झाला की शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचते. काही अडलं नाही, तर तो परिच्छेद काढून टाकते. पुष्कळदा खरा शेवट त्याच्या वरच्याच ओळीत सापडतो, आपण धीर नसल्याने पुढे बोलत राहिलेलो असतो. अडलं, तर पहिला परिच्छेद पुन्हा वाचते आणि स्वतःला विचारते, तिथून इथवर आल्यावर काय बदललं? त्याचं उत्तर साध्या शब्दांत लिहायचं. नवा मुद्दा काढायचा नाही, उपदेश तर नाहीच. आणि ते वाक्य दुसऱ्या कुठल्याही लेखाखाली खपत असेल, तर ते आपलं नव्हे.

बाबांबद्दल त्या दिवशी माझ्याकडे असं वाक्य नव्हतं. ते लिहायचं धाडसही नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलीकडे दोन्ही होतं, आणि मी तिला गोड शेवट शिकवत बसले.

परवा फोनवर तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझंच वाक्य बरोबर होतं गं."

ती म्हणाली, "पण आत्या, आता ते तसं नाहीये. आता त्या खुर्चीत आजी बसते."