पावसातील सोबत
अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन पायवाट १४ राज्यांच्या डोंगरांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. पाठीवर संसार घेऊन ती चालणाऱ्या दांपत्याची कसोटी पावसाच्या दिवशी लागते. अंगावरचे कपडे भिजतात. कोरडा एक जोड मात्र रात्रीसाठी जपावा लागतो. सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवायचे! धोका असतो तो गारठ्याचा. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरले की बोलणे अडखळते, विचार मंदावतो. पण ज्याचे त्याला ते उमगत नाही. जोडीदाराला मात्र दिसते. अशा वेळी ठरलेला पल्ला सोडून वाटेवरच्या लाकडी निवाऱ्यात थांबावे, कोरडे कपडे व ऊब द्यावी. ‘थांबू या’ असे एकाने म्हटल्यास दुसऱ्याने वाद घालू नये.