जुनी मोटार आणि दुसरी वाट

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात गाडीभोवती जमलेली मंडळी प्रथम रंग पाहतात, मग क्रोमची चकाकी, मग आसनांचे कापड. "इंजिन मूळचेच का?" हा प्रश्न हमखास येतो. "ब्रेक कसे आहेत?" असे मला आजवर एकानेही विचारलेले नाही. डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीविषयी लिहिण्याचे धाडस मी त्यामुळेच करीत आहे.

माझ्याकडे वडिलांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. याच गाडीतून वडील देवासच्या आसपासच्या खेड्यांत रात्री-अपरात्री रुग्ण पाहावयास जात.

काही वर्षांपूर्वी मांडूहून धारकडे परतताना उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल कसलाही विरोध न करता हळूहळू खाली जात राहिले. शेजारी पत्नी होती, मागे दोन नातवंडे. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांच्या आधाराने गाडी कशीबशी कडेला थांबली. नातवंडांना वाटले, आजोबांनी देखावा दाखविण्यासाठीच गाडी उभी केली!

नंतर पाहिले तो ब्रेक ऑइलची टाकी भरलेली होती. बाहेर एक थेंबही गळलेला नव्हता. दोष मास्टर सिलिंडरच्या पोटात होता. पेडल दाबले की त्यातील पिस्टन ऑइलवर दाब देतो आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. माझ्या सिलिंडरच्या आतील भिंतीला गंजाने खड्डे पडले होते. ऑइल रबरी वॉशरला चकवून मागे सरकत होते. त्यापूर्वी तीनदा रबर किट बदलून गाडी 'दुरुस्त' झाली होती. भिंत मात्र कोणी तपासली नव्हती. ताप उतरविण्याचे औषध द्यावे आणि तापाचे कारण शोधू नये, अशातला हा प्रकार. निदानाचे महत्त्व जन्मभर सांगत आलेला मी त्यावर समाधानी होतो, याची आजही लाज वाटते.

त्या काळच्या सिलिंडरला वाट एकच असे. ती बंद पडली की चारही चाके एकदम निराधार. पुढे टँडम सिलिंडर आला. त्यात एकाच नळकांड्यात दोन पिस्टन आणि दोन स्वतंत्र कप्पे असतात. एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवितो. अंतर अधिक लागते, पण गाडी थांबते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली. देवासकरांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. गाव एकच, पण थोरली पाती आणि धाकटी पाती यांचा कारभार स्वतंत्र, हे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे.

मी टँडम सिलिंडर बसविला तेव्हा काही मित्रांनी "गाडीचे मूळपण गेले" अशी हळहळ व्यक्त केली. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या विंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांवरील वाहनाची चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत बदल नसावा, असा आग्रह आहे. ब्रेकचा उल्लेख त्या यादीत नाही. शिवाय हा बदल परत फिरविता येतो. जुना सिलिंडर मी तेल लावून पेटीत जपून ठेवला आहे.

मात्र 'मोठा सिलिंडर म्हणजे चांगला ब्रेक' हा समज घातक आहे. नळकांडे रुंद घेतले तर तेवढ्याच जोरात दाब कमी मिळतो. अरुंद घेतले तर दाब वाढतो, पण पेडल अधिक खोल जाते. पुशरॉडला किंचित मोकळीक नसेल तर ऑइल परत येण्याचे छिद्र बंद राहते आणि ब्रेक आपोआप लागून तापतात. ड्रम ब्रेकला नळीत थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह लागतो. डिस्कला तो चालत नाही. आणि आपण 'ऑइल' म्हणतो खरे, पण इंजिन ऑइलचे थोडे थेंबही रबर फुगवितात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात नेमके तेव्हाच ते उकळते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि हे काम जाणकाराच्याच हाती द्यावे.

धार जिल्ह्यातील पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान चाचणीमार्ग सुरू झाला. त्याच जिल्ह्यातील गणेश घाटाने ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे किती अपघात पाहिले, हे आपल्यापैकी अनेकांना अपघात-कक्षातील अनुभवाने ठाऊक आहे. जखमी आणल्यावर आपण धावतो. ते आणावे लागू नयेत, हेही वैद्यकाचेच काम.

वारसा जपणे म्हणजे त्यातील धोकाही जसाच्या तसा जपणे नव्हे, असे माझे मत आहे. वडिलांची गाडी मी त्यांच्या आठवणीसाठी चालवितो. त्यांची पतवंडेही तीत बसावीत, अशी इच्छा आहे; म्हणूनच तिला थांबता आले पाहिजे.