आजोबांची ऐरण

बोरगावच्या एका कुटुंबातून आम्हांस विचारणा झाली आहे. आजोबांच्या वेळची शिंगाची ऐरण गोठ्यात गंजत पडली आहे. कडा फुटल्या आहेत, माथ्यावर खळगे आहेत. धाकट्या मुलास लोहारकाम शिकावयाचे आहे. वडिलांच्या मते ऐरण भंगारात द्यावी आणि मुलाने कारखान्यात लागावे; मुलाच्या मते ती घासून, जोडून नवी करावी. आमचे मत विचाराल तर ती भंगारात देऊ नये, आणि नवीही करू नये.

अशा जुन्या ऐरणीचे अंग पुष्कळदा मऊ लोखंडाचे असते व माथ्यावर पोलादाची पाटी जोडून तिला पाणी दिलेले असते. पाटी अर्ध्या इंचाच्या आसपास. हातोड्यास उसळी देते ती हीच. खळगे घालविण्यासाठी माथा तासला तर तो आरशासारखा दिसेल खरा, परंतु मोलाचे पोलाद भुकटी होऊन जाईल. गंज जाळण्यासाठी ऐरण भट्टीत घातली तर पाणीच उतरेल. वेल्डिंगचे काम याहून नाजूक. थंड ऐरणीवर साध्या कांडीने भर घातली तर भर मऊ राहते आणि शेजारचे पोलाद तडकते. ते काम अंग आधी बेताने तापवून, कठीण भराची कांडी वापरून, जाणत्यानेच करावे.

प्रथम तारेच्या ब्रशाने गंज काढून तेलाचा हात द्यावा. मग बेअरिंगची पोलादी गोळी 10 इंचांवरून माथ्यावर जागोजागी सोडावी. 7 इंच वा अधिक उसळली तर ऐरण उत्तम. 2-3 इंचच उसळली तर पाणी उतरले आहे, किंवा ऐरण ओतीव बिडाची आहे. एखाद्याच ठिकाणी बद्द आवाज आला तर तेथे पाटी सुटली असावी. ती जागा टाळावी.

कडांचे सुटू पाहणारे कपचे मात्र घासून काढावेत, कारण घावासरशी ते उडून डोळ्यात जातात. चष्म्यावाचून हे काम करू नये. गोल झालेल्या कडांचे दुःख नको. धारदार कडेवर वाकविलेले लोखंड आतल्या कोपऱ्यात चिरते. विळा, खुरपे, सळईचा आकडा यांस तळहाताएवढी सपाट जागा पुरे. ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर घट्ट बसवावी. उभ्याने काम करणाऱ्याची मूठ माथ्यास टेकेल एवढी उंची ठेवावी. उघड्या माथ्यावर हातोडा आपटू नये.

वडिलांस एवढेच सुचवितो की, बेनसिराच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय काढून पाहावा. तेथे ऐरणीजवळ बसलेला लोहार भेटतो. असे कारागीर सभेत मानाने बसत नाहीत, पण त्यांच्यावाचून गाव वसत नाही, असे तो शहाणा लेखक म्हणतो. धातुकाम करणाऱ्यांचा आश्रयदाता संत एलिजिअस हाही आधी सोनार होता, मग नोयोंचा बिशप झाला. त्याचा सण 1 डिसेंबरला येतो. तोपर्यंत ओंडका तयार झाला तर ऐरणीस आशीर्वाद देण्यास आम्ही आनंदाने येऊ. माथ्यावरचे तेल तेवढे पुसून ठेवावे.